शेंगा सिस्टर

शेंगा सिस्टर कुठल्याही मुलाला ‘काय झालं?’ असं कधी विचारत नसत. लोणावळ्याच्या आमच्या मिशनच्या शाळेत आजारी मुलांची खोली त्यांच्याकडे होती. रडका, रुसलेला, वर्गाबाहेर काढलेला कुणीही तिथे पोचला की त्या भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप पुढे सरकवायच्या आणि स्वतःही फोडायला बसायच्या. “हात कामात गुंतले की तोंडावरचा पहारा सुटतो,” म्हणायच्या. मुलं बोलायची ते तिथेच राहायचं. आम्हा शिक्षकांच्या कानावरही जायचं नाही.

मी तेव्हा नववीची वर्गशिक्षिका. बी.एड.ची शाई ओली आणि डोकं ठणठणीत कोरडं. नात विचारते, “आजी, तू कडक होतीस का गं?” कडक कसली, करपलेली होते! शाळेची डायरी हे माझं लाडकं हत्यार. कुणी शिंकलं तरी लाल शाईचा शेरा, खाली पालकांची सही. सही नसेल तर वर्गात प्रवेश नाही. सिस्टर एकदा म्हणाल्या, “टीचर, तुमचं अक्षर फार सुंदर आहे. घरी ते कोण वाचतं, हे कधी पाहिलंत?” मी पहिलं वाक्य तेवढं ऐकलं आणि दिवसभर मिरवत राहिले.

वर्गात जवळच्याच औंढ्याची कावेरी होती. आईबाप नव्हते, चुलत्याकडे राहायची. एके दिवशी ती डाव्या हाताने लिहायला लागली. मला वाटलं, नखरे. सगळ्या वर्गासमोर म्हणाले, “आता पायाने लिही.” वर्ग हसला, मीही हसले. सिस्टरांनी मात्र सकाळच्या प्रार्थनेत पाहिलं होतं, की तिचा उजवा हात खांद्यापर्यंतही उचलला जात नाही. तीन दिवस ती गणिताच्या तासाला त्यांच्या खोलीत दाताने शेंगा फोडत गप्प बसली. चौथ्या दिवशी बोलली, “चुलता मारतो. पण कुणाला सांगू नगा सिस्टर, न्हाईतर माझी साळा बंद करंल.”

हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा सिस्टर मला एवढंच म्हणाल्या, “टीचर, शनिवारपर्यंत कावेरीबद्दल कुणाशी बोलू नका.” कारण सांगितलं नाही. सोमाटण्याची तिची मावशी शनिवारी येऊन तिला शाळेतूनच घेऊन जाणार होती. मला काय माहीत! मला राग आला तो वेगळाच. वर्गशिक्षिका मी, आणि गुपितं यांच्याकडे?

तर मी बोलले नाही. डायरीत लिहिलं. ‘रोज गणिताच्या तासाला सिस्टरांच्या खोलीत बसते. पालकांनी येऊन भेटावे.’ खाली दोन रेघा मारल्या. गुरुवार होता.

शुक्रवारी कावेरी आली नाही. शनिवारी मावशी आली आणि शाळा सुटेपर्यंत पिशवी मांडीवर घेऊन त्या खोलीत बसून राहिली.

सिस्टर औंढ्याला गेल्या. घराला कुलूप होतं. पोलिसांकडे जाऊन आल्या, त्यांनी लिहून घेतलं. पंधरा दिवसांनी चुलता दारात सापडला. म्हणाला, “लगीन लावून दिलं पोरीचं. आता तुमी कशाला येताय?”

“चौदा वर्षांची आहे ती. गावाचं नाव सांगा.”

“न्हाई सांगत. काय करायचं ते करा.”

त्या परत चौकीत गेल्या. मग बदली होईपर्यंत दर शनिवारी औंढ्याला चालत जात राहिल्या. चुलता आतून कडी लावायचा. त्या ओट्यावर तासभर बसायच्या आणि परत यायच्या.

मला त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी भांडले तरी असते. बदलीच्या दिवशी एस.टी. स्टँडवर मीच त्यांची बॅग धरून म्हणाले, “सिस्टर, मला माफ करा.”

त्यांनी बॅग माझ्या हातातून घेतली. “माझं काय मोडलंय तुम्ही? माझ्याकडे नका मागू.” आणि गाडीत चढल्या.

जिचं मोडलं, तिच्याकडे मागायला मी मावळातली किती गावं पालथी घातली. पत्ता अजून मिळालेला नाही.