बिभीषणची दुनळी

बिभीषण कुणाच्या घरी चहाला बसला, की आधी कप नाकाशी नेई. मग चहा देणाऱ्याच्या तोंडाकडे बघे. घरचं माणूस घोटभर प्यालं, की मग हा ओठ लावी. दवाखान्यात गेला तर इंजेक्शनची बाटली डोळ्यांदेखत फोडायला लावी. सोयरिकीला गेला तर बैठकीत न बसता आधी घराच्या मागच्या अंगाला फिरून येई. "पुढनं समदेच रंग देत्यात," असं त्याचं म्हणणं.

नावाचाही त्यात वाटा असेल. बापानं हे नाव ठेवलं ते रामाच्या बाजूनं उभा राहिला म्हणून. गावानं लक्षात ठेवलं ते भावाला सोडून गेला म्हणून. शाळेत कुणाची पेन्सिल हरवली, की सगळी डोकी त्याच्याकडे वळत. असं वळणाऱ्या डोक्यांमध्ये वाढलेला माणूस पुढे स्वतःची मानही तशीच वळवायला शिकतो.

एका माणसाच्या बाबतीत मात्र तो हे सगळं विसरे. गनीभाईच्या घरचा चहा तो न हुंगता पीत असे.

दोघांच्या वस्त्या राहुरी तालुक्याच्या वरच्या माळावर, एकमेकींना लागून. दोघांची रानं मुळा धरणाच्या फुगवट्याच्या कडेला, तीही बांधाला बांध लावून. मधे वनखात्याचं जंगल. हिवर, बाभळी, खात्यानं लावलेलं गिरिपुष्प आणि सगळ्यांच्या पायाशी माजलेली घाणेरी. पूर्वी तिथून मोटारसायकल जायची. लाकूड चोरीला जातं म्हणून खात्यानं तोंडाशी खोल चर मारला, तेव्हापासून पायवाटच उरली. डांबरी रस्ता आहे, पण तो डोंगराला मोठा वळसा घालून येतो. त्यामुळे दोघांच्या मिशा काळ्या होत्या तेव्हापासून ते सकाळी चराशी भेटत, जंगलातून शेतावर जात आणि दिवस कलता कलता तसेच परत येत.

वाटेनं गनीभाई बोले. शेळ्यांबद्दल, कांद्याच्या रोपाबद्दल, नेवाशाला दिलेल्या लेकीच्या, सुमैराच्या सासूबद्दल. बिभीषण ऐके आणि मागे वळून बघे. असं एकाच्या तोंडावर आणि दुसऱ्याच्या डोळ्यांवर ते जंगल पार होई.

मग बिबटे आले. उसातून उठून ते माळावर सरकले, आणि एका तिन्हीसांजेला शेजारच्या वस्तीवरच्या बाईला त्या जंगलातच बिबट्यानं धरलं. बाई एकटी होती. ती वाचली, मान शिवून घेऊन घरी आली, पण कुणाशी बोलेना. वनखात्याची माणसं आली, दोघं-दोघं मिळून चला, मोठ्यानं बोला, असं सांगून गेली.

"म्हंजे आपुन करतो तेच," गनीभाई म्हणाला.

"फुकट सांगत्यात त्यात कायतरी असनार," बिभीषण म्हणाला, आणि त्यानं बंदुकीच्या परवान्याचा अर्ज केला.

परवाना एवढ्या उशिरा आला, की मधल्या काळात तो कुणी अडवला असेल याबद्दल बिभीषणचा सगळ्या वस्तीवर एकेकदा संशय घेऊन झाला होता. भाद्रपद सरताना बंदूक आणायला तिघं नगरला गेले. गनीभाई, कारण त्याच्या बापाजवळ ठासणीची बंदूक होती आणि त्याला त्यातलं कळत होतं. आबासाहेब, कारण गाडी त्याची होती. हा आबासाहेब माजी सरपंच. जिथं तिथं बाकावर ऐसपैस बसायची सवय पदाबरोबर गेली नव्हती.

दुकानदारानं काउंटरवर फडकं अंथरलं आणि दोन बंदुका ठेवल्या. दोन्ही बारा बोअरच्या. एक एकनळी, एक दुनळी.

बिभीषणनं एकनळी उचलली. "एवढी हलकी का हो?"

"लोखंड चांगलं आहे, म्हणून."

त्यानं दुनळी उचलली. "आन् ही जड का?"

"लोखंड चांगलं आहे, म्हणून."

बिभीषणनं दुकानदाराकडे बराच वेळ पाहिलं.

"एकनळी घे," गनीभाई म्हणाला. "तुला चालायचंय, मचानावर बसायचं न्हाई. बिबट्याला मारलंस तर तू आत जाशील. त्याला भेवाडायला एक बार लई झाला."

"अन् तो हुकला तर?" बाकावरून आबासाहेब बोलला. "दुसरा नगं? बिभीषणा, दुनळी घे. दारात उभी केली तर दिसली पायजे."

"नुसती दिसायलाच पायजे तर फोटू लाव की भिंतीला," गनीभाई म्हणाला. "आन् निवडनूक लागली की बंदूक चालली ठान्यात जमा व्हायला. बिबट्याला काय आचारसंहिता हाय?"

दुकानदार हसला. ते हसणं बिभीषणला आवडलं नाही. यांची आधी गाठ पडलीय की काय, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

दुकानदारानं दुनळी बिजागरीवर मधोमध मोडून, म्हणजे नळ्या मागून उघडून, त्याच्या हातात दिली. दिव्याकडे धरून नळ्यांतून बघायला सांगितलं. आत उजेडाची कडी होती, कडीत कडी, त्या कडीत आणखी एक. विहिरीत वाकून बघावं आणि तळाशी पाण्याऐवजी आभाळ दिसावं, तसं. "काडतूस भरण्याआधी दर वेळी असं बघायचं," दुकानदार म्हणाला. "नळीत कुंभारमाशी घर करते. नळी बंद असताना बार काढला तर ती तुमच्याच तोंडावर फुटते."

"आन् चालताना मोडलेलीच हातावर घ्यायची," गनीभाईनं पुस्ती जोडली. "काडतुसं खिशात." मग तो चहा सांगायला बाहेर गेला.

आबासाहेब पुढे झुकला. "त्याला तुज्या हातात एकच बार का पायजे, इचार केलास? आन् त्योबी खिशात. दिवस कसले हायत, बघतुयास न्हवं?"

बिभीषणचा आबासाहेबावर काडीचा विश्वास नव्हता. हा उद्या वरातीत उडवायला बंदूक मागेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण संशय कुणी आणून दिला याला महत्त्व नसतं. सराटा कुणाच्याही पायताणाला लागून घरात येतो आणि टोचतो मात्र आपल्याला.

त्यानं दुनळी घेतली.

"जड हाय," एवढंच गनीभाई म्हणाला. "पन खांदा तुजा."

दुसऱ्या दिवसापासून बिभीषण भरलेली बंदूक खांद्याला अडकवून जंगलात शिरू लागला. वाट एका माणसाच्या रुंदीची. एकानं पुढं, एकानं मागं चालायचं. इतकी वर्षं गनीभाई पुढं असे. आता तो थबकला.

"तू हो म्होरं."

"का?"

"भरलेल्या बंदुकीच्या म्होरं चालायचं न्हाई, असं आमचे अब्बा सांगायचे."

"माज्यावर भरवसा न्हाई व्हय?"

"तुज्यावर हाय. तुजा पाय ठेचकाळंल त्याच्यावर न्हाई."

बिभीषण पुढं झाला. आणि त्याला कळलं, की मागं कुणी असणं म्हणजे काय. गनीभाईची पावलं त्याला आजवर कधी ऐकू आली नव्हती. आता प्रत्येक पाऊल ऐकू येई. ती थांबली की हा वळे. "काय झालं?" "काय न्हाई, काटा काढतोय." चार पावलं गेली की पुन्हा वळे. गनीभाईचं बोलणं कमी झालं. शेळ्यांवरून तो एका वाक्यात कांद्यावर येई आणि कांद्यावर गप्प होई. दोघांतलं अंतर वाढलं. जंगल मात्र पूर्वीपेक्षा जवळ आलं. घाणेरीतली सळसळ, वाळक्या शेंगांचा खुळखुळाट, सगळं त्या रिकाम्या झालेल्या जागेत येऊन बसलं.

खंडेनवमीला गोजरबाईनं, बिभीषणच्या बायकोनं, कोयते, कुदळी, पहारी धुऊन मांडल्या आणि मधोमध दुनळी ठेवली. हळदकुंकू वाहिलं, दोन्ही नळ्यांच्या तोंडाशी झेंडूचं एकेक फूल खोचलं. दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं द्यायला-घ्यायला माणसं आली. गनीभाईही आला. जागा नव्हती म्हणून तो पूजेशेजारीच टेकला. "सजलीय की नवरीवानी," म्हणत त्यानं बंदुकीच्या दस्त्यावरून हात फिरवला. बिभीषण दाराशी आबासाहेबाला आपट्याची पानं देत होता. त्यानं तो हात पाहिला.

सकाळी निघताना त्यानं फुलं काढून टाकली, अंगणात उभं राहून बंदूक मोडली आणि आभाळाकडे धरली. डाव्या नळीत उजेडाची कडी होती. उजव्या नळीत अंधार होता.

त्यानं डोळा पुसून पुन्हा पाहिलं. अंधारच.

कुंभारमाशी एका रात्रीत घर करत नाही, हे त्याला माहीत होतं. मग काल संध्याकाळी बंदुकीजवळ कोण बसलं होतं? गोजरबाई आत भाकरी थापत होती. तिला विचारावं, हे त्याला सुचलंसुद्धा नाही. आपल्याला उत्तर मिळालंय असं वाटलं, की माणूस प्रश्न विचारायचा थांबतो.

गनीभाई चराशी उभा होता. बिभीषणनं मोडलेली बंदूक त्याच्यापुढं धरली. "बघ."

गनीभाईनं डोळा लावला. "ह्येच्यात कायतरी अडाकलंय."

"अडाकलंय का घातलंय?"

"म्हंजे?"

"काल तूच बसला हुतास तिच्याजवळ. मी बार काढावा आन् माजं थोबाड उडावं, म्हनून घातलंस. एकनळी घे म्हनत हुतास, ती घेतली न्हाई, त्याचा राग काढलास. तुमच्या लोकांचं..."

वाक्य पुरं झालं नाही, पण जेवढं बाहेर आलं तेवढं पुरेसं होतं. चराच्या पलीकडे एक होला ओरडत होता.

गनीभाईनं हिवराची एक सरळ फांदी मोडली, काटे सोलले आणि मागच्या बाजूनं नळीत घालून रेटली. पुढच्या तोंडातून आधी तांदळाचे दाणे सांडले, कुंकवानं लाल झालेले. मग एक हळकुंड. मग हिरव्या खणाची घट्ट वळलेली चिंधी वाटेवर पडली.

दोघंही खाली बघत राहिले. वस्तीवर ट्रॅक्टर आला तेव्हा गोजरबाईनं त्याच्या बॉनेटवर खण-नारळ ठेवून ओटी भरली होती. शिवणयंत्र आलं तेव्हा त्याच्या कप्प्यात तांदूळ ठेवले होते. घरात पहिल्यांदा आलेली वस्तू रिकामी ठेवायची नाही, ही तिची रीत. बंदुकीला तिनं पोकळ जागा शोधली, आणि खांद्यावर टाकल्यावर सांडू नये म्हणून काडीनं आत सारलं. वर फूल खोचलं.

"वैनींनी ओटी भरलीया," गनीभाई म्हणाला. तो हसेल असं बिभीषणला वाटलं. हे हसण्यासारखंच होतं. एरवी सुमैराच्या सासूपर्यंत ही गोष्ट पोचली असती. पण गनीभाईनं हळकुंड उचललं, धूळ झटकून बिभीषणच्या हातावर ठेवलं आणि घराच्या वाटेला वळला.

"आरं, कुठं निगालास?"

"मोटारसायकल काढतो. डांबरीनं जाईन."

"लई लांब पडतंय."

"पडू दे."

बिभीषण एकटाच जंगलात शिरला. बंदूक आता साफ होती. दोन्ही नळ्यांत काडतुसं होती. अर्ध्या वाटेवर घाणेरी हलली आणि बंदूक खांद्याला कधी लागली हे त्याला समजलंच नाही. चाप ओढायचा तेवढा राहिला होता. झुडपातून एक लांडोर बाहेर आली, त्याच्याकडे मान वाकडी करून पाहिलं आणि निघून गेली. तो तसाच उभा राहिला. आपण बिबट्याची वाट बघत नव्हतो, हे त्याला तिथं, सकाळच्या उन्हात, घामानं निथळत कळलं. त्या झुडपात त्याला गनीभाईचं पागोटं दिसलं होतं.

दिवसभर बांधापलीकडे गनीभाई रोपं खुरपत होता. दर वेळी हा बांधाशी जाई आणि तो दुसऱ्या टोकाला सरकलेला असे. एकदा हा नुसताच खाकरला. एकदा म्हणाला, "मोटर बंद करू का?" गनीभाईनं मान हलवली, हो की नाही, ते लांबून कळलं नाही.

दिवस कलला. जंगलाच्या कडेची झाडं काळी होऊ लागली. बिभीषण वाटेच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला, आणि त्याचा पाय पुढं पडेना. आत बिबट्या असेल नसेल. पण आत जाणाऱ्याच्या हातात काय आहे आणि मनात काय आहे, ते त्याला सकाळी दिसलं होतं.

मागं मोटारसायकल येऊन थांबली. इंजिन चालूच. गनीभाई वळला नाही, नुसता समोर बघत राहिला.

"बस."

"गनीभाई, सकाळी मी..."

"अंधार पडतोय. बस."

बिभीषणनं बंदूक मोडली. काडतुसं काढून खिशात टाकली. त्यांचा एकमेकांवर आपटल्याचा आवाज गनीभाईनं ऐकला असणार. बंदूक पाठीला अडकवून बिभीषण मागं बसला. गाडी बांधावरून डांबरीला लागली.

हा का थांबला? दया आली म्हणून, का वस्तीवर नाव ठेवतील म्हणून? जुनी सवय चालू झाली. तेवढ्यात गनीभाईनं एक हात सोडला आणि हँडलवरचा उजवा आरसा आत वळवला. रस्ता त्यातून निघून गेला. आता गनीभाईच्या नजरेला त्यात बिभीषणचा खांदा होता, खांद्यामागून वर आलेल्या दोन नळ्या होत्या, आणि त्याचा चेहरा.

इतक्या वर्षांत गनीभाईनं कधी मागं वळून पाहिलं नव्हतं. ते काम बिभीषणचं होतं.

डोंगराचा वळसा सुरू झाला. आरशात गनीभाईचे डोळे एकदा येऊन गेले, थोड्या वेळानं पुन्हा आले. बिभीषणनं खिशाजवळचा हात काढला, आणि दोन्ही हात आरशात दिसतील असे वर घेऊन गनीभाईच्या खांद्यांवर ठेवले. खांदे आक्रसले. तरी बिभीषणनं हात काढले नाहीत.