आबांपासून लपवलेली बातमी

कूलरची घरघर लांब लांब जाते, आणि मे महिन्यातल्या दुपारी सांगलीच्या आपल्या घरात जरा लवंडलेली मृणालिनी मुख्यमंत्र्यांच्या दालनाबाहेर रांगेत उभी राहते. हातात नाव लिहिलेली चिठ्ठी आहे. नववीत असताना तिनं खरंच अशी चिठ्ठी आत पाठवली होती. तेव्हा तिचे वडील, यादवराव इंगवले, राज्याचे मुख्यमंत्री होते आणि घरी सापडतच नसत. प्रगतिपुस्तकावर सही घ्यायला ती दीड तास बाकड्यावर बसली होती.

आज शिपाई लगेच दार उघडतो. आत दालन नाहीच. राज्यसभेचं सभागृह आहे, तांबडा गालिचा, रिकामी बाकं. मुख्यमंत्रिपद गेल्यावर पक्षानं आबांना इथे धाडलं आणि पुढची बारा वर्षं ते इथेच राहिले. आपल्या जागेवर बसून ते चाकूनं पेरू कापतायत. आबांना जाऊन चौदा महिने झाले हे मृणालिनीला ठाऊक आहे, तरी तिला नवल वाटत नाही.

"इथे खायला चालतं?" ती विचारते.

"सभासदांना बंदी आहे. मी आता कुठला सभासद?" आबा खुशीत हसतात.

त्या हसण्यानंच तिला धीर येतो. जे नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही, ते ती सांगू लागते. आबांच्या शेवटच्या आजारात राज्यसभेच्या उमेदवारांची यादी आली आणि तिच्यात त्यांचं नाव नव्हतं. ते रोज विचारायचे, ही रोज सांगायची की यादी अजून लागायचीय. सकाळचा पेपर ती आधी स्वतः चाळायची, नको ते पान काढून घ्यायची आणि मगच त्यांच्या हातात द्यायची. नवव्या दिवशी ते गेले. जाताना आपण त्यांना फसवलं, हे तिच्या मनातून जातच नाही.

सांगता सांगता बाकं कुठे गेली कळत नाही. दोघं दिल्लीच्या बंगल्यात, आबांच्या कॉटवर बसलेत. खिडकीतून हिवाळ्यातलं ऊन आत आलंय.

"पान कमी आहे ते मला पहिल्याच दिवशी कळलं," आबा म्हणतात. "चाळीस वर्षं राजकारण केलं. काय छापलंय यापेक्षा काय गाळलंय ते मी आधी बघतो."

"मग रोज विचारायचात कशाला?"

आबा चाकू पुसून मिटतात. "जन्मभर जो तो मला बातम्या आणून द्यायचा. चांगली असली तर बक्षिसासाठी, वाईट असली तर गंमत बघायला. माझ्यासाठी बातमी लपवणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं. तू काय काय सांगतेस ते ऐकायला बरं वाटायचं गं."

मृणालिनीला रडू येतं, पण ते रडणं अगदी हलकं असतं. आबा एका फोडीवर तिखटमीठ भुरभुरतात आणि तिच्यापुढे धरतात. ती खाते. आणखी काही विचारावं म्हणून तोंड उघडते, तर वर पंखा दिसतो, कूलर ऐकू येतो, आणि उशी गालाखाली ओली लागते.

ती तशीच पडून राहते. चौदा महिन्यांनी छाती भरून श्वास येतो. दाढेत काहीतरी टोचतंय म्हणून ती जिभेनं ते सोडवते आणि तळहातावर घेते.

पेरूची बी. बाजारातून पेरू जाऊन दोन महिने झालेत.