खांद्याची खळगी

नसीमबानू पिंजारी पोलिसात भरती झाली तेव्हा भवानी पेठेतल्या तिच्या गल्लीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. साल १९७९. वडील हुसेनभाई गाद्या भरायचे. खाली दुकान, वर दोन खोल्यांचं घर. दिवसभर पिंजणाची तार घुमायची आणि घरातल्या प्रत्येकाच्या केसांत कापूस अडकलेला असायचा. थोरली नूरबानू लग्न होऊन सोलापूरला गेली होती. नसीम मॅट्रिक झाली, शिवणकाम शिकली, आणि एका सकाळी वर्तमानपत्रातली भरतीची जाहिरात कापून तिनं वडिलांसमोर ठेवली. हुसेनभाईंनी ती दोनदा वाचली आणि एवढंच विचारलं, की उंचीत बसतेस का? ती बसत होती, जेमतेम अर्ध्या इंचानं. आई सुरय्यानं आठवडाभर अबोला धरला. पण शारीरिक चाचणीच्या दिवशी डबा मात्र तिनंच भरून दिला.

धावणं, कवायत, कायद्याचे वर्ग, यात नसीम कुठेच मागे पडली नाही. अडली ती बंदुकीपाशी.

तिसऱ्या महिन्यात बावीस मुलींना ट्रकमधून वाघोलीच्या पुढे नेलं. तिथे एका मुरमाड टेकडीच्या पायथ्याशी चांदमारीचं मैदान होतं. मातीचा उंच बांध, आणि त्याच्यापुढे लाकडी चौकटींवर चिकटवलेली कागदी निशाणं. शिकवायला होते हवालदार सर्जेराव मोहिते. पन्नाशीचे, मूळचे साताऱ्याकडचे, बोलण्यात मोजके. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. बंदूक होती थ्री नॉट थ्री. जुनी, चार किलोंच्या वर भरणारी, मागच्या लाकडी दस्त्याच्या टोकाला पितळी पत्रा ठोकलेली. ही बंदूक लाथ मारते, असं आदल्या तुकडीतल्या मुलींनी सांगून ठेवलं होतं. म्हणून नसीमनं पालथं पडल्यावर दस्ता खांद्याला लावलाच नाही, दोन बोटं लांब धरला. चाप ओढला, कानात कडाड झालं, आणि कुणीतरी हातोडा मारावा तसा तो पत्रा खांद्याच्या हाडावर आदळला.

दुसऱ्या गोळीला तिचे डोळे आपोआप मिटले. पाचव्या गोळीपासून चाप ओढायच्या आधीच खांदा मागे पळायला लागला. दहापैकी दोन गोळ्या कागदाला लागल्या. बाकीच्या मातीत गेल्या. पास व्हायला सहा लागत. शेवटच्या परीक्षेला महिना होता, आणि त्यात नापास होणाऱ्या मुलीला घरी पाठवतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

रविवारच्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा आईनं आंबेहळद उगाळून खांद्याला लावली. हुसेनभाईंनी निळा पडलेला खांदा पाहिला आणि ते दुकानात जाऊन कामाला बसले. तासाभरानं वर आले ते हातात कापसाची छोटी गादी घेऊन. तळहातापेक्षा थोडी मोठी, दोन बोटं जाड, कडेनं घट्ट टाके घातलेली. ही सदऱ्याच्या आत बांध, म्हणाले. चाळीस वर्षं माणसांची हाडं सांभाळतोय, एक खांदा नाही सांभाळता येणार?

पुढच्या चांदमारीला नसीम ती गादी बांधून गेली. पण गादीच्या जाडीमुळे बंदूक आणखी पुढे सरकली, तिचं बोट चापापर्यंत नीट पोहोचेना, गाल लाकडावर टेकेना. चौथ्या गोळीपर्यंत कापूस दबून गोळा झाला आणि पितळी पत्रा पुन्हा हाडाला भिडला. सर्जेरावांना सदऱ्याखालचा उंचवटा दिसला. त्यांनी गादी काढायला लावली, हातात घेऊन दाबून पाहिली. नसीमला वाटलं, आता सगळ्यांसमोर बोलणी बसणार. तसं काही झालं नाही. काम चांगलं हाय, पण माल चुकला, एवढं बोलून त्यांनी गादी तिच्या पिशवीवर ठेवली. मग तिची बंदूक घेतली, तिच्याकडे पाठ करून भरली आणि परत हातात दिली.

नसीमनं नेम धरला, श्वास रोखला, चाप ओढला. नुसता खट्ट असा आवाज झाला. उस्तादांनी आत नकली काडतूस घातलं होतं. पण नळीचं तोंड वीतभर खाली गेलं होतं, खांदा मागे गेला होता आणि तिचे डोळे गच्च मिटलेले होते. मागे रांगेत बसलेल्या मुली हसल्या. सर्जेराव तिच्याशेजारी उकिडवे बसले.

"बघितलंस? आत गोळी नव्हतीच. मंग तुला मारलं कुणी?"

बंदुकीनं मारण्याआधी आपणच आपल्याला मारून घेतो, हे तिनं त्या क्षणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मग उस्तादांनी तिला खांदा आणि छाती यांच्या मधली खळगी बोटानं दाखवली. दस्ता इथं बसवायचा, हाडावर नाही, दंडावर नाही. बंदुकीचा पट्टा दंडाभोवती गुंडाळून ती खळगीत ओढून घ्यायची. अंग तिरकं न ठेवता बंदुकीच्या मागे सरळ ठेवायचं, म्हणजे आलेला धक्का एका सांध्यात न थांबता सगळ्या अंगात वाटला जातो. त्यांनी तिचे पाय घोट्यांना धरून सरळ केले. त्या दिवशीही ती नापासच झाली, पण तीन गोळ्या लागल्या.

पुढच्या सुट्टीत घरी तिनं सगळं सांगितलं तेव्हा हुसेनभाईंना माल चुकला हे वाक्य लागलं. ते उठून दुकानात गेले. मग नसीमला खाली बोलावलं, न विकलेल्या गाद्यांच्या थप्पीवर पालथं झोपायला सांगितलं आणि हातात एक फळी दिली. फळीचं एक टोक खांद्याच्या खळगीत, दुसरं टोक त्यांच्या तळहातासमोर. आधी त्यांनी फळी खांद्यापासून थोडी लांब धरायला लावली आणि हातानं मागे ढकलली. नसीम कळवळली. मग फळी खळगीत घट्ट दाबून धरायला सांगितली आणि तेवढ्याच जोरानं ढकलली. या वेळी तिचं सगळं अंग गादीवर जरासं मागे सरकलं, दुखलं काहीच नाही.

"धक्का तेवढाच होता, बेटा," हुसेनभाई म्हणाले. "मध्ये जागा सोडलीस की तो ठोसा होतो. जागा सोडली नाहीस की नुसतं ढकलणं."

पिंजणाची कमान सैल धरली की ती मनगटावर उलटते, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. बंदुकीला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता, पण उलटणाऱ्या वस्तूंशी त्यांची चांगली ओळख होती.

दुसऱ्या दिवशी सुरय्यानं ट्रंकेतलं जुनं धनगरी घोंगडं काढलं. वर्षानुवर्षं धुऊन ते चामड्यासारखं घट्ट झालं होतं. तिनंच ते कात्रीनं कापलं. हुसेनभाईंनी तीन तुकडे एकावर एक ठेवून जवळजवळ टाके घातले. बोटभरही जाडी नाही, पण दाबलं तर दबत नव्हतं, नुसतं जरा खाली जाऊन परत वर येत होतं. नसीमला निरोप देताना आईनं ते रुमालात बांधून दिलं आणि इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच विचारलं, की ती बंदूक खूप जड असते का गं?

पुढचे पंधरा दिवस नसीमनं रोज संध्याकाळी परवानगी काढून रिकाम्या बंदुकीवर सराव केला. मैत्रीण वासंती नळीच्या टोकावर सदऱ्याचं एक बटण ठेवायची आणि नसीम चाप ओढायची. बटण पडलं तर पुन्हा पहिल्यापासून. आधी ते प्रत्येक वेळी पडायचं. चौथ्या दिवशी एकदा राहिलं. दहाव्या दिवशी वासंती कंटाळून म्हणाली, की आता हे बटण इथेच शिवून टाकते.

परीक्षेच्या सकाळी तपासणीला आलेल्या इन्स्पेक्टरसाहेबांनी नसीमच्या खांद्यावरचं घोंगडं पाहिलं आणि ते काढायला सांगितलं. सरावाला काहीही लावा, परीक्षा सगळ्यांची सारखी. नसीमनं सदऱ्याचं वरचं बटण उघडून घोंगड्याची घडी काढली, वासंतीच्या हातात दिली आणि पालथी पडली. दस्ता थेट कापडावर आला, गार आणि कठीण. पहिल्या गोळीला तिचा डोळा मिटला आणि बांधावरची माती उडाली. तिनं मान वर केली नाही. पट्टा आणखी ओढला, दस्ता खळगीत रुतवला, चाप हळूहळू दाबत गेली. गोळी कधी सुटली ते तिला सुटल्यावर कळलं. धक्का आला, पाठीतून उतरला, टाचांपर्यंत गेला आणि संपला. त्यानंतर ती गोळ्या मोजायचंच विसरली.

निशाणावरचे कागद आणले तेव्हा सर्जेरावांनी भोकं बोटानं मोजली. सात. त्यांनी आकडा वहीत लिहिला, नसीमकडे न बघता म्हणाले, "पहिली कुठं गेली?" आणि पुढच्या मुलीकडे वळले. उस्तादांनी एवढा प्रश्न विचारणं ही शाबासकीच होती, हे तुकडीत सगळ्यांना कळत होतं. वासंतीनं तिला मिठी मारली ती दुखऱ्या खांद्यावरूनच.

पुढच्या वर्षी सर्जेरावांचा माणूस भवानी पेठेत दुकान शोधत आला. नव्या तुकडीतल्या मुलींना सरावापुरत्या घोंगड्याच्या गाद्या हव्या होत्या, चोवीस. हुसेनभाईंनी दर नेहमीचाच लावला, पण टाके नेहमीपेक्षा जवळ घातले. सुरय्या शेजारणींना सांगायची, की आमच्याकडे पोलिसांचं काम येतं.

नसीमबानूनं सत्तावीस वर्षं नोकरी केली. चौकी झाली, बंदोबस्त झाले, रात्रपाळ्या झाल्या, पण तिचं नाव झालं ते शिकवण्यात. सर्जेराव निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी मुलींची चांदमारी तिच्याकडे आली. नकली काडतुसाची युक्ती तिनं जशीच्या तशी उचलली. रिव्हॉल्व्हर मात्र तिला स्वतःच शिकावं लागलं, कारण तिथे खांदाच नसतो. लहान हाताच्या मुली रिव्हॉल्व्हरची मूठ खालच्या टोकाला धरत आणि प्रत्येक गोळीला नळी कपाळाकडे उसळे. बघून बघून तिच्या लक्षात आलं, की पकड जितकी वर, नळीच्या रेषेजवळ, तितकी उसळी कमी. दुसरा हात पहिल्यावर नुसता ठेवायचा नाही, दोन्ही तळव्यांत मूठ पूर्ण झाकायची, कोपर किंचित सैल ठेवायचे आणि अंग जरा पुढे झुकवायचं. मागे रेललेली मुलगी तिला लांबूनच ओळखू येई.

१९९८च्या तुकडीत आनंदी शेलार नावाची मुलगी होती, धायरीची, नसीमपेक्षाही चणीनं लहान. पहिल्या दिवशी रिव्हॉल्व्हरचा धक्का बसल्यावर तिनं ते खाली ठेवलं आणि सांगितलं, की मॅडम, माझ्या हाताला हे झेपणार नाही. नसीमनं वाद घातला नाही. तिच्या मागे उभी राहिली, तिची पकड अर्धा इंच वर सरकवली, दुसरा हात त्यावर बसवला, तिच्या पाठीला तळहात लावून तिला पुढे झुकवलं.

"आता मार. आणि आवाज झाल्यावर लगेच सोडू नकोस. नेम कुठे परत येतो ते बघ."

गोळी सुटली. नळी थोडी वर गेली आणि जागेवर आली. आनंदी नळीकडे बघत राहिली, मग निशाणाकडे. भोक कडेला होतं, पण कागदावर होतं. तिनं हात खाली घेतले नाहीत. मान न वळवता विचारलं, की मॅडम, पुढची मारू का? नसीम एक पाऊल मागे सरली आणि मार म्हणाली.