नंबर घासणारे नाना

नाना चिप हातात घेत, बोट जिभेला लावत आणि तिच्या काळ्या पाठीवरून हळूच फिरवत. मग ती खिडकीकडे तिरपी धरून विचारत, "हाऊ कोन शे?" चिपला ते 'काय' नाही, 'कोण' विचारायचे. तुमच्यापैकी कुणी दुरुस्तीच्या दुकानात बाकड्यावर ताटकळत बसलं असेल, तर अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मी पाहिलेल्यांत नाना सगळ्यांत विचित्र होते, आणि ते मला कधीच नीट कळले नाहीत.

जळगावच्या त्या गल्लीत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीची पाच-सहा दुकानं होती आणि सगळ्यांना एकच खोड. आपण जोडलेलं सर्किट शेजाऱ्यानं उतरवून घेऊ नये म्हणून प्रत्येक जण चिपवरचा नंबर पॉलिश पेपरने घासून टाकायचा. म्हणजे अर्धा दिवस आपले नंबर घासण्यात जायचा आणि उरलेला अर्धा दुसऱ्यांनी घासलेले ओळखण्यात. मी एकदा विचारलं, "नाना, घासण्याआधी वहीत तरी लिहून ठेवता का?"

त्यांनी कपाळावर बोट टेकवलं. "वही कसाले? नंबर डोकामा शे."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी रावेरकडच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत तात्पुरत्या नेमणुकीवर होतो. आमच्याकडे लेझरचा एकच संच होता, आणि परीक्षेच्या दोन दिवस आधी तो पुसायला काढून मी त्याला वीजपुरवठ्याच्या तारा उलट्या जोडल्या. बारीकसा धूर आला. विभागप्रमुख ओरडले नाहीत, तेच वाईट. शांतपणे म्हणाले, "परवा भिंतीवर ठिपका दिसला नाही, तर जूनमध्ये येण्याची तसदी घेऊ नका."

पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात संचातली ती काडेपेटीएवढी सर्किटची पट्टी घेऊन मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीने नानांकडे आलो. त्यांनी बोट जिभेला लावलं, फिरवलं, चिप तिरपी धरली. नंबर घासलेला होता.

"कोनी घासा हाऊ नंबर?" नाना भडकले. "बठ्ठा चोर शेतस!" सगळ्यांना चोर म्हणताना त्यांच्या मागच्या फळीवर त्यांनीच घासलेल्या चिपांचा डबा होता. मी हसू गिळलं. मला हसणं परवडणारं नव्हतं.

त्यांनी मला समजावलं. लेझरच्या डायोडला, म्हणजे उजेड देणाऱ्या भागाला, करंट एकसारखा लागतो. थोडा कमी पडला तर तो पेटत नाही, किंचित जास्त झाला तर त्याच क्षणी मरतो. तो करंट सांभाळणारी ही चिप मेली होती, डायोड जिवंत होता. दुसरा डायोड आमच्याकडे नव्हता. चुकीची चिप बसवली की डायोड गेला, आणि डायोडबरोबर मीही.

दुपारपर्यंत ते भिंगातून तांब्याच्या रेषा धुंडाळत होते. चिप मेली तरी तिचे आठ पाय कुठे कुठे जातात ते पट्टीवर दिसतं. चौथा पाय ऋणाला, आठवा धनाला. नाना पुटपुटत, मान हलवत, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. तीनदा त्यांनी मला विचारलं, "भाऊ, तू कोनतं गावना?" तीनदा मी सांगितलं. मला वाटलं, कामात गुंग आहेत.

अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या. पट्टीवर एक बारीक स्क्रू होता आणि तो हलू नये म्हणून कुणीतरी त्यावर लालभडक नेलपॉलिशचा थेंब टाकला होता. अक्का वाकून बघत म्हणाल्या, "अहो, हाऊ ते पोरना लगीनना रंग शे."

नानांनी भिंग त्या थेंबावर नेलं. मला काही समजेना. मग अक्काच मला सांगू लागल्या. धुळ्याच्या एका व्यापाऱ्याला नानांनी अशा दहा-बारा पट्ट्या जोडून दिल्या होत्या. स्क्रूवर लावायला मुलीच्या लग्नातली नेलपॉलिशची उरलेली बाटली नानांनीच मागून घेतली होती. कॉलेजला संच त्याच व्यापाऱ्याकडून आला असणार. म्हणजे तो चोर समोरच बसला होता.

मी मोठ्याने हसलो. "मग झालं की नाना! नंबर तर डोक्यात आहे."

नानांनी कपाळावर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहिलं. अक्का कप न उचलताच आत गेल्या. माझं हसू तोंडातच थिजलं आणि मला स्वतःची फार लाज वाटली.

"माले याद नही," ते म्हणाले. मग अगदी हळू, "कोनले सांगू नको."

पुढचे दोन तास नानांनी स्वतःची चिप परक्याची असल्यासारखी शोधली. शेवटी दोन नंबर उरले. लेझरच्या डायोडच्या जागी दोन साधे डायोड जोडून त्यांनी पहिली चिप लावली. पुरवठा वाढवला तसा मीटरचा काटाही चढला. करंट तिला आवरत नव्हता, म्हणून ती काढली. दुसरी लावली. पुरवठा वाढवला, काटा जागचा हलला नाही. मग त्यांनी खरा डायोड जोडायला घेतला आणि मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा भिंतीवर लाल ठिपका होता. त्यांना ती चिप ओळखू आली की शेवटी आठवली, ते मला अजून कळलेलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

परीक्षा पार पडली. जूनमध्ये मी कामावर होतो.

दोनेक वर्षांनी दुकान बंद दिसलं. नाना धुळ्याला मुलीकडे असतात असं कळलं, म्हणून एका दुपारी गेलो. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर अक्कांनी चिठ्ठी चिकटवली होती. साखर, मीठ, सकाळच्या गोळ्या. नाना खिडकीशी बसले होते. मी शेजारी टेकलो. त्यांनी माझा हात घेतला, बोट जिभेला लावून माझ्या मनगटावरून फिरवलं आणि हात उजेडाकडे तिरपा धरला.

"हाऊ कोन शे?"

"नाना, मी रावेरकडचा, तो लेझर..."

"थांब," ते एकदम म्हणाले. हाताची पकड घट्ट झाली. "सांगू नको. मीच वळखस."

माझी गाडी साडेपाचची होती. हात त्यांच्याकडेच राहू दिला, आणि गाडी गेली.