काकांनी काढून आणलेली हार्ड डिस्क

"घे बेटा, काढूनच आणली," म्हणत काकांनी काउंटरवर रुमाल उघडला. आत हार्ड डिस्क. देवळातून प्रसाद आणावा तशी.

गोहलपुरात माझं छोटं दुकान आहे. जुन्या कॅसेटी, टीव्हीवरचं रेकॉर्डिंग, सगळं डीव्हीडीवर करून देते. काका म्हणजे फॅक्टरीतून रिटायर झालेले फिटर. हातात पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, आला की थांबत नाहीत.

"आणि सेट टॉप बॉक्स?"

"घरी. रिकामा डबा कशाला आणू? रेकॉर्डिंग तर याच्यातच ना!"

याच्यातच. पण कुलूपबंद. ज्या बॉक्सनं रेकॉर्ड केलं, तोच वाजवतो. दाखवायला म्हणून मी डिस्क कॉम्प्युटरला लावली. स्क्रीन विचारते, फॉरमॅट करू का? म्हणजे सगळं पुसू का?

"कर ना," काका बोलले.

मी वायरच ओढली.

डिस्कमध्ये होती लोकल चॅनलची कुकिंग स्पर्धा. काकूंच्या पाटवडीला पहिला नंबर. दाखवलं त्या दिवशी काकूंच्या माहेरी, शहपुऱ्याला लाइट नव्हती, म्हणून काकूंच्या आईनं लेकीला टीव्हीवर पाहिलंच नाही. आता ते चॅनलही बंद पडलं. आजीकडे फक्त डीव्हीडी प्लेअर. आणि उद्या कंपनीवाला जुना बॉक्स उचलून नेणार.

"डिस्क काढली हे काकूंना माहीत आहे?"

"काहून सांगू? जीव प्यारा आहे मला."

चलो. डीव्हीडी रेकॉर्डर उचलला, गेले काकांच्या घरी. दारातच काकू.

"टीव्ही सकाळपासून चालूनच नाही राहिला. यांनीच काही केलं असेल!"

"असुविधा के लिए खेद है," मी कस्टमर केअरच्या मॅडमच्या आवाजात बोलले. नकला करणं माझा जुना रोग. काकू हसत आत गेल्या. तेवढ्यात काकांनी डिस्क परत बसवली. एकही स्क्रू उरला नाही, मानावं लागेल.

बॉक्स चालू केला. स्क्रीनवर गोल फिरतंय, फिरतंय. काका श्वास घेईनात. मग यादी आली. पाटवडी शाबूत!

बॉक्सपासून रेकॉर्डरपर्यंत तीन वायरी. पिवळीतून चित्र, लाल-पांढरीतून आवाज. तासाचा कार्यक्रम उतरवायला तासच लागतो. आणि स्क्रीनवर जे येईल ते डीव्हीडीत छापलं जातं. व्हॉल्यूमची पट्टीसुद्धा. म्हणून रिमोटला हात लावायचा नाही.

निकाल लागणार, तेवढ्यात काकांचा हात रिमोटवर.

"काका, नाही!"

"अगं, बस मॅचचा स्कोर बघतो. दो मिनिट."

माझं ऐकणारा माणूसच नाही. मी तोंड स्वयंपाकघराकडे केलं आणि काकूंच्या आवाजात ओरडले, "अहो! ठेवा तो रिमोट खाली!"

रिमोट सोफ्यावर. काका ताठ.

आतून खऱ्या काकू, "अरे, मी तर काही बोललीच नाही!"

"बोलणारच होत्या ना," मी म्हटलं.

स्क्रीनवर काकूंनी ट्रॉफी उचलली. पट्टी नाही, डाग नाही. मग डीव्हीडी फायनलाइज केली, म्हणजे ती दुसऱ्या प्लेअरवरही चालते. नाहीतर शहपुऱ्याला आजीनं काळा पडदा पाहिला असता.

दुसऱ्या दिवशी बॉक्स गेला. नंतर शहपुऱ्याहून काकूंचा फोन.

"आईनं दोनदा पाहिलं!"

"काय म्हणाल्या?"

"वड्या जाड कापल्या म्हणे. आता तिसऱ्यांदा लावायला सांगून राहिली आहे."

तर भैया-दीदी, रेकॉर्डिंग पाहिजे असेल तर डबा उघडू नका. आणि घरात फिटर असेल, तर तेवढा वेळ त्याला भाजी आणायला पाठवा.