माइक बंद, केळी गार

मित्रांनो, आज चोपड्याजवळ एका कोल्ड स्टोरेजच्या उद्घाटनाला बोलत होतो. आत शेतकरी आबांची केळी, बाहेर मंडपात मी.

“शेतकऱ्याच्या मालाला पहिला मान!” मी गरजलो आणि वीज गेली.

जनरेटर धडधडला, पण मंडपाचे पंखे, माइक आणि कोल्ड स्टोरेज एवढा भार त्याला झेपेना. केळी तापली की माल गेलाच! आबांनी उठून सरळ मंडपाची वायर काढली.

“अहो आबा, भाषण!”

“भाऊ, तुम्हीच आत्ते बोलनात ना? मालले पहिला मान!”

सगळा मंडप हसला, मीही. उरलेलं भाषण घाम पुसत, घसा ताणून केलं.

माझं बोलणं इतक्या लवकर अमलात आलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. वीज गेली तर तुम्ही आधी कशाची वायर काढाल?