कोरा मुलूख

त्या वर्षी मी घरातला गणपती पाण्यात ठेवला होता, आणि तोही रागाने. माझे यजमान लष्करी दवाखान्यात ड्रेसर. कोरियाच्या लढाईत जखमींची सेवा करायला गेले. वर्ष भरलं, बरोबरचे परतू लागले, आणि यांचं पत्र आलं की, आणखी सहा महिने आपणहून राहतोय. आपणहून! मी देवाला पातेल्यात बुडवून बजावलं, हे उंबऱ्यात पाय ठेवेपर्यंत तुलाही कोरडं व्हायचं नाही.

शेजारच्या ठकूमावशी रोज विचारायच्या, "आलं का गं कोऱ्याहून काई?"

"कोरा नव्हे मावशी, कोरिया."

"त्येच की. त्या कोऱ्या मुलखात येवढं ठेवलंय काय?"

मला तरी कुठे ठाऊक होतं? माझ्या लेखी तो मुलूख कोराच होता.

संकष्टीला पोथी आणायला चिंचवडच्या वाचनालयात गेले. तिथली सगळी पुस्तकं खाकी कागदात घातलेली, वर नुसता आकडा. कारकुनांनी आकडा चुकवला, आणि कासारवाडीला घरी येऊन उघडते तो कोरियाचं प्रवासवर्णन! उपाशीपोटी तंगडतोड केली ती यासाठी? परत जायचं त्राण नव्हतं. चरफडत तेच वाचायला बसले.

त्यात एक म्हातारी होती. तिकडे हिवाळ्यासाठी कोबीचं लोणचं रांजणात घालून अंगणात पुरतात. लढाईत ती सुनेला घेऊन पळाली. परतली तेव्हा घर जळालेलं, रांजण तेवढे शाबूत. मुलगा, नातवंडं, कुणी उरलं नव्हतं. सुनेचा पाय सडत चाललेला. कुणी परका ड्रेसर येऊन तो रोज धुऊन बांधायचा. तो निघाला की म्हातारी त्याचा हात धरून विचारायची, "उद्या येशील ना?"

मी पुस्तक मिटलं आणि खूप रडले. तिचा तो उद्याचा माणूस मी देवाकडून हिसकावून मागत होते. देवाला अटी घालणारी मी कोण? गणपती पाण्यातून काढला, पदराने पुसला.

ठकूमावशींनी पाहिलं. "आला व्हय दादला?"

"नाही मावशी."

"मग द्येव कशाला काढलास?"

"त्याला तिकडे काम आहे."

दुसऱ्या दिवशी पुस्तक परत केलं. कारकून ओशाळून माफी मागू लागले, तर मीच त्यांना वाकून नमस्कार केला. मग पोस्टात उभ्याउभ्याच यजमानांना लिहिलं, "राग अजून आहे. पण तिथे कुणी 'उद्या येशील ना' म्हणून विचारलं, तर हो म्हणा."